आमची वाटचाल: कागदाचे टन आणि देशांची खाती

आम्ही ठाण्यातून क्राफ्ट पेपर (खोक्यांचा तपकिरी कागद) आणि डुप्लेक्स बोर्ड (छापील डब्यांचा पुठ्ठा) निर्यात करतो. मिल आमची नाही. वापीच्या मिलवाल्यांकडून माल उचलायचा आणि न्हावा शेव्याहून पाठवायचा, एवढा आमचा धंदा. पण पहिल्यापासून एक शिरस्ता आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून सीमाशुल्काच्या माल-वर्गीकरणातल्या ४८व्या प्रकरणाचे, म्हणजे कागद-पुठ्ठ्याचे, देशवार निर्यातीचे आकडे काढायचे आणि ते आमच्या ऑर्डरींशेजारी मांडायचे. गिऱ्हाईक कुठे शोधायचं ते आम्हाला या तक्त्यानंच शिकवलं.

त्यात अमिरातींचं नाव ठळक दिसतं. पण दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरलेला सगळा कागद दुबईतच खपत नाही. तिथले व्यापारी त्यातला काही पूर्व आफ्रिकेकडे वळवतात. आपण शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या सीमाशुल्क कागदात, आपल्याला ठाऊक असलेलं शेवटचं ठिकाण लिहितो, तर आयात करणारा देश साधारणपणे माल मुळात कुठे तयार झाला ते नोंदवतो. त्यामुळे भारताने केनियाला पाठवलेले टन आणि केनियाने भारतातून आणलेले टन सहसा जुळत नाहीत. आमच्यासाठी खरी माहिती त्या तफावतीतच असते. तिच्याच आधारावर आम्ही केनियातल्या मोंबासा बंदराच्या खोकेवाल्यांशी, म्हणजे पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्यांशी, थेट बोलणी सुरू केली.

रकमांची तुलना आम्ही टाळतो. आपली निर्यात एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने, धरतात; समोरची आयात बहुतेक ठिकाणी सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा तर युरोपच्या भाड्याचा काही भरवसाच राहिला नाही. वजन बरं. तेही शीर्षकवार, म्हणजे प्रकरणातल्या चार आकडी उपगटांनुसार, पाहावं: ४८०४ क्राफ्ट, ४८१० कोटेड कागद आणि बोर्ड, ४८१८ टिश्यू. टिश्यूने चाळीस फुटी कंटेनर छतापर्यंत गच्च भरला तरी त्याचं वजन क्राफ्टच्या पासंगालाही पुरत नाही. नुसते टन पाहणाऱ्याला टिश्यूचा बाजार दिसतच नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं चीनने. १ जानेवारी २०२१ पासून त्यांनी घनकचऱ्याची आयात पूर्ण बंद केली, रद्दी कागदासकट. त्यांच्या मिलना लगदा तर हवाच होता. मग आपल्याकडच्या मिल रद्दीपासून केलेला लगदा रोलच्या रूपात पाठवू लागल्या. तो लागतो ४७०६ खाली, म्हणजे ४७व्या प्रकरणात. एकाच मिलच्या आवारातून निघालेले दोन रोल, एक कागदाच्या खात्यात, दुसरा लगद्याच्या! तेव्हापासून चीनसाठी आम्ही दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचतो. त्या काळात इथल्या खोकेवाल्यांना क्राफ्ट महाग पडत होता आणि त्यांची तक्रार रास्त होती, हे निर्यातदार असूनही मी सांगेन.

श्रीलंकेचं वेगळं. मार्च २०२२ मध्ये पश्चिम प्रांतात छपाईचा कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. अशा वेळी निर्यात घटली म्हणून मागणी आटली असं म्हणणं चूक. मुलांना कागद हवाच होता, देशाकडे डॉलर नव्हते.

सध्या आम्ही युगांडाचं खातं वेगळं काढलंय. माल उतरतो मोंबासालाच, पण पुढे ट्रकने कंपालाला जातो, आणि शिपिंग बिलात देश युगांडा असतो.