थायरॉईड, पण उलटा

डिसेंबरात साताऱ्यात आम्ही सगळे गोधडीत आणि सातवीतली लेक पंखा पाचवर लावून झोपणार. रोज भांडण. दोनाच्या जागी चार चपात्या खायची, तरी शाळेचा स्कर्ट पिन लावून घालावा लागायचा. "उंच होतीये, म्हणून बारीक दिसते," सासूबाई म्हणायच्या. उंची खरंच वाढत होती. मग बाईंनी वही दाखवली. जूनमधलं टपोरं अक्षर आणि नोव्हेंबरमधलं, दोन्ही एकाच मुलीची वाटेनात. मी तिला रोज दहा ओळी शुद्धलेखन लावलं. हात थरथरत होता पोरीचा, आणि मी ओरडत होते.

बालरोगतज्ज्ञांनी तिला हात समोर धरायला लावले आणि वर कागद ठेवला. कागद फडफडू लागला. झोपेत मोजली तेव्हाही नाडी ११०. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हुकूम, जवळजवळ शून्य; थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन, फ्री टी-फोर आणि टी-थ्री, दोन्ही वर. नंतर अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि नाव कळलं: ग्रेव्हज. शरीरात तयार होणाऱ्या अँटिबॉडीच थायरॉईडला सतत डिवचत राहतात. मुलांमध्ये थायरॉईडचं काम जास्त होण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आमच्या नात्यात 'कमी थायरॉईड' घरोघरी, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. "गोळी अनशापोटी दे, चहा नंतर," हा माझ्या बहिणीचा. ते थायरॉक्सिनचं, कमी पडणारं हार्मोन भरून काढणाऱ्या गोळीचं. आमची कार्बिमॅझोल नेमकी उलट कामाची, ग्रंथीला हार्मोन बनवू न देणारी. तिला रिकाम्या पोटाची अट नाही. एका केमिस्टने चक्क थायरॉक्सिनची बाटली पुढे केली होती. तेव्हापासून नाव वाचल्याशिवाय मी पैसे काढत नाही. धडधडीसाठी सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉलही होती, तीही दमा नाही ना हे विचारून मगच दिली.

गोळी सुरू करण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घेतलं आणि डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली: ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवा, त्याच दिवशी पुन्हा सीबीसी करा. क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. सातव्या आठवड्यात रात्री १०१ ताप. घरच्यांचं मत, पॅरासिटामॉल देऊन सकाळी बघू. मी रिक्षा बोलावली. रात्री ११ वाजता रक्त दिलं, एकच्या सुमारास रिपोर्ट आला. पेशी ठीक होत्या, साधा व्हायरल होता. डॉक्टरांना फोनवर आकडे वाचून दाखवले, त्यांच्या होकारानंतरच गोळी पुन्हा सुरू केली.

तोवर फ्री टी-फोर जागेवर आला होता, टीएसएच मात्र अजून तळाशीच. मी घाबरले, पण तो सावरायला काही महिने घेतो म्हणे. वजनाबद्दल मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. भूक चार चपात्यांचीच राहिली आणि जाळणारी भट्टी विझली. तीन महिन्यांत सहा किलो! ती रडली. बारीक असणं तिला आवडायला लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आता दुसरं वर्ष चालू आहे, अँटिबॉडी अजून पॉझिटिव्ह. दोन वर्षांनी गोळी बंद केली तरी बऱ्याच मुलांना आजार परततो, त्यामुळे डॉक्टर घाई करत नाहीत. नाहीच जमलं तर पुढे ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन), आणि मग बहुधा आयुष्यभर थायरॉक्सिन. हे ऐकून मी गप्प झाले.

लेक म्हणाली, "म्हणजे मग मीपण मावशीसारखी अनशापोटी?"