लॅपटॉपची उजवी कड

मी पानं लावते. विड्याची नव्हे, पुस्तकांची. लेखकाचा मजकूर, संपादकाच्या दुरुस्त्या, तळटीपा, चित्रं हे सगळं इनडिझाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून छपाईला पाठवायचं, हे काम मी बावीस वर्षं घरून करतेय. त्यातली शेवटची काही वर्षं एका सेकंडहँड चौदा इंची लॅपटॉपवर गेली. एका वेळी एकच काय ते दिसायचं, पुस्तकाचं पान तरी नाहीतर मूळ मजकुराची पीडीएफ तरी. मग एकातून दुसऱ्यात जायला दिवसभर ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब. गेल्या दिवाळी अंकांच्या धबडग्यात डाव्या अंगठ्याचा सांधा असा धरला की पोळ्या लाटताना लाटणं पकडता येईना. तेव्हा ठरवलं, आता रुंद मॉनिटर घ्यायचा.

दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेव, स्वस्त पडेल, असं दोघा-तिघांनी सांगितलं. खरंय, पडतं. पण माझं काम जोडपानांचं. समोर बसलं की नेमकी दोन मॉनिटरमधली काळी पट्टी नाकासमोर येते आणि मान कायम डावीकडे नाहीतर उजवीकडे वळलेली राहते. शिवाय मी स्टीलची पट्टी घेऊन हिशोब केला होता. चौतीस इंची रुंद मॉनिटर म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटर उंच. (इंच मोजतात ते कर्णावर, त्यामुळे आकड्याला भुलू नये. उंचीला हा साध्या २७ इंची मॉनिटरएवढाच असतो, वाढतो तो फक्त आडवा.) डेमी आकाराचं पुस्तक उघडलं की ११ इंच रुंद, साडेआठ इंच उंच. ते खऱ्या मापात मध्ये ठेवलं, शेजारी ए-फोरची पीडीएफ उघडली, तरी बारा इंच जागा उरते. तिथे इनडिझाइनची पॅनेलं आणि शब्दकोश. वर्तमानपत्राची पानं चिकटवून त्या मापाचा कागद कापला आणि टेबलामागच्या भिंतीवर आठवडाभर लावून ठेवला. घरच्यांनी हसून घेतलं.

कोथरूडहून गावात गेले ती पेन ड्राइव्हवर एक पान घेऊन. त्यावर ११ पॉइंटात कर्तृत्व, उद्ध्वस्त, शृंगार, ऱ्हस्व, वाङ्मय, दृष्ट्या असले शब्द. दुकानात मॉनिटरवर नेहमी समुद्राखालचे मासे आणि रंगीत फुगे फिरत असतात. त्यात वाईट काय दिसणार? मी म्हटलं, मासे काढा, माझं पान लावा.

फरक तिथेच कळला. दोन मॉनिटर शेजारी होते, दोन्ही चौतीस इंची, किमतीत बराच फरक. स्वस्तातला २५६० बाय १०८० ठिपक्यांचा (म्हणजे पिक्सेलांचा), महागातला ३४४० बाय १४४० चा. आकार तोच असल्यामुळे पहिल्यात एका इंचात सुमारे ८२ ठिपके बसतात, दुसऱ्यात ११०. ११ पॉइंटच्या अक्षराला एकात साडेबारा ठिपके मिळतात, दुसऱ्यात जवळजवळ सतरा. रोमन लिपीचं साडेबारात भागत असेल. आपल्याला तेवढ्यातच वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार किंवा ऋकार बसवायचा असतो. स्वस्त मॉनिटरवर 'कर्तृत्व'मधला रफार दिसत होता, पण 'तृ'चा ऋकार आहे की उकार, हे चष्मा काढून, घालून, पुढे वाकूनही सांगता येईना. दुकानदार म्हणाला, "मॅडम, झूम करा ना." झूमच करायचं तर चौतीस इंच कशाला? मी महागातला घेतला. तीस हजारांच्या वर गेला. हा आकार हवा नसेल आणि पैसे वाचवायचे असतील, तर २५६० बाय १०८० हा २९ इंचात घ्यावा. तिथे तेच ठिपके दाटीने बसतात, इंचाला ९६ च्या आसपास.

इथवर मी स्वतःवर खूश होते. मॉनिटरची इतकी परीक्षा घेतली, पण तो ज्याला जोडायचा त्या लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मॉनिटरच्या पाठीला केबल लावायच्या दोन प्रकारच्या जागा, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉपला एचडीएमआय. "डिस्प्लेपोर्टला लावा, चित्र चांगलं येतं," म्हणून दुकानात एक केबल दिली होती, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट. घरी लावली. 'नो सिग्नल'. काढली, फुंकली, लावली. 'नो सिग्नल'. रात्री इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला आणि केबल हातात घेऊन म्हणाला, "मावशी, ही वन-वे आहे गं. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय असेल तरच चालते. तू उलटी घुसलीस." थोडक्यात, लक्ष्मी रोडवर उलट्या बाजूने गाडी घातल्यासारखं. उलट दिशेला न्यायचं तर मध्ये वेगळा, वीज लागणारा कन्व्हर्टर लागतो, नुसती केबल पुरत नाही.

मग साधी एचडीएमआय लावली आणि चित्र आलं. पण काय चित्र! लॅपटॉपने दिलेली चित्राच्या मापांची यादी १९२० बाय १०८० ला संपत होती आणि मॉनिटरने तेच चित्र ताणून सगळीभर पसरलं होतं. अक्षरं एक तृतीयांशाने रुंद झालेली. 'ट'ला ढेरी सुटलेली, 'क' दोन्ही बाजूंना हातपाय ताणून लोळत पडलेला. बावीस वर्षं अक्षरांतली अंतरं केसाकेसाने जुळवणाऱ्या बाईला हे दाखवू नये.

भाच्याने मॉनिटरच्या मेनूत जाऊन एचडीएमआयची आवृत्ती जुनी केली, आणि ३४४० बाय १४४० यादीत उगवलं. अक्षरं लगेच सडपातळ झाली. माऊस हलवला तर तो मात्र उड्या मारत चालला, चिखलातून बेडूक जावा तसा. पान सरकवलं की ओळी मागून घरंगळत यायच्या. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या खाली, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं असतं तिथे पाहिलं तर आकडा होता ३० हर्ट्झ. म्हणजे चित्र सेकंदाला तीसदा बदलतंय, एरवी साठदा बदलतं. (अशा जोडणीवर काही मॉनिटर ५० देतात. तेवढ्यावर माझं काम निभलं असतं.)

कारण समजलं ते असं. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, माझ्या नव्या पडद्यावर ४९.५ लाख. हे सगळे ठिपके दर सेकंदाला साठ वेळा त्या केबलमधून जायचे. एचडीएमआय १.४ हे २००९ चं, त्याची सगळी वाट सेकंदाला १०.२ गिगाबिटची. २०१३ च्या २.० मध्ये ती १८ झाली. लॅपटॉपवर नुसतं 'एचडीएमआय' लिहिलेलं असतं, कितवं ते नाही. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा, त्याचं एचडीएमआय जुनंच. महागडी केबल आणून हे बदलत नाही. नळच बारीक असेल तर पाइप जाड घेऊन काय होणार?

आता नवा लॅपटॉप घ्यायचा की मॉनिटर परत करायचा, या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फडकं मारताना उजव्या कडेवर नखाला काहीतरी लागलं. एचडीएमआयच्या शेजारी सेकंडहँडवाल्याने वॉरंटीचा चंदेरी स्टिकर तिरका चिकटवला होता, आणि त्याच्याखाली एक छोटीशी खाच दिसत होती. स्टिकर सोलला. आत खालचे दोन कोपरे कापलेली, बोटाच्या नखाएवढी चौकोनी जागा. इतकी वर्षं मी तिच्यावरून फडकं फिरवतेय! भाच्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "मावशी!!! मिनी डिस्प्लेपोर्ट!!!"

मिनी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट अशी केबल काही शे रुपयांना मिळाली. ३४४० बाय १४४०, ६० हर्ट्झ, पहिल्या फटक्यात. खोक्यावर १०० लिहिलंय, पण मला काही त्यावर गोळीबार खेळायचा नाही.

तुमचा लॅपटॉप नवा असेल तर बहुधा टाइप-सी असेल. तिथे वेगळा घोळ. खाच सगळीकडे सारखी, पण आतून चित्र बाहेर जाईलच असं नाही. खाचेशेजारी डिस्प्लेपोर्टची 'डी'सारखी खूण किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर चित्र जातं. खूण नसेल तर मॉडेलचा नंबर टाकून कंपनीच्या पानावर बघावं. आणि मोबाइल चार्जिंगची केबल तिथे लावू नये. त्यातल्या बहुतेकांत चित्र नेणाऱ्या तारा नसतातच.

मॉनिटर आता झकास चाललाय. अंगठाही बरा आहे. एकच तक्रार आली, प्रकाशकांची. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी अख्खा पडदा शेअर केला, ते होते गाडीत, मोबाइलवर. म्हणाले, "ताई, पानं दिसत नाहीयेत, मुंग्यांची रांग दिसतेय." तेव्हापासून फक्त इनडिझाइनची खिडकी लहान करून दाखवते.

ती वन-वे केबल अजून खणात पडून आहे. दुकानदार परत घेईना. कुणाच्या कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय असेल तर कोथरूडला येऊन घेऊन जा, चहा पाजीन.