वॉरफरिन, काढा आणि काळ्या कोंबडीचे सूप

सिंगापूरच्या ज्या रुग्णालयात मी औषधनिर्माती म्हणून काम करते, तिथे वॉरफरिन हे रक्तात गुठळ्या होऊ न देणारे औषध घेणाऱ्या रुग्णांची नियमित तपासणी आम्हीच करतो. रक्त तपासून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, बघायचा, आहारात, औषधांत किंवा प्रकृतीत काही बदल झाला का ते विचारायचे आणि त्यानुसार गोळीची मात्रा ठरवायची, असे या कामाचे स्वरूप आहे. त्या दिवशी आलेल्या 51 वर्षांच्या चिनी आँटी माझ्या जुन्या रुग्ण. लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती आणि तिच्या जागी कृत्रिम झडप बसवलेली आहे, त्यामुळे त्यांचा आयएनआर 2.5 ते 3.5 या मर्यादेत ठेवावा लागतो. तो खाली घसरला तर झडपेवर गुठळी होण्याची भीती असते, वर चढला तर रक्तस्रावाची. एरवी तो 3 च्या आसपास असे. त्या दिवशी 5.4 आला.

प्रयोगशाळेतून फेरतपासणी करून घेतली, तरी आकडा तोच. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, असे त्यांनी सांगितले आणि बाही वर करून कोपराखालचा जांभळा डाग दाखवला. प्रतिजैविके, पॅरासिटामॉल, जुलाब, चुकून दोनदा घेतलेली गोळी, अशी नेहमीची सगळी कारणे मी विचारून पाहिली. उत्तर प्रत्येक वेळी नाही असेच होते. मग त्या जरा संकोचून म्हणाल्या की, झोप लागत नाही म्हणून सिनसेंकडे जाते. सिनसे म्हणजे चिनी वैद्य. पाळी जाऊन वर्ष झाले होते. रात्रीतून दोन-तीनदा घामाने उशी भिजायची आणि सकाळी हॉकर सेंटरमधल्या नूडल्सच्या गाड्यावर उकळत्या भांड्यांसमोर उभे राहिले की छातीतून चेहऱ्यापर्यंत आगीचा लोळ उठायचा. हृदयरोग विभागात हे सांगण्यासारखे आहे, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

पिशवीत काढ्याची एक पुडी आणि सिनसेंची चिठ्ठी होती. माझ्या चिनी सहकारिणीने चिठ्ठी वाचली आणि मी टेबलावर कागद पसरून पुडी उघडली. शियानलिंगपीची चुरडलेली पाने, हुआंगबाईच्या झाडाच्या सालीचे हळदीसारखे पिवळे तुकडे, झीमूचे काप, बाजीतियानची मुळे, घामासाठी देतात ते पाण्यावर तरंगणारे हलके गहू, भाजलेल्या कालवांच्या शिंपल्यांचा चुरा आणि शियानमाओचे काळपट तुकडे. हे शियानमाओ म्हणजे आपली काळी मुसळी. कोकणात पहिल्या पावसानंतर जमिनीलगत उमलणारी तिची पिवळी चांदणीसारखी फुले मी लहानपणापासून पाहत आले आहे. आपल्याकडे ती पौष्टिक म्हणून दिली जाते. चीनच्या औषधसंहितेत मात्र तिच्यापुढे विषारी असा शेरा आहे आणि मात्रा बेताची ठेवायला सांगितले आहे.

हा अरशियान काढा होता. 1950 च्या दशकात शांघायच्या शूगुआंग रुग्णालयात रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी तो तयार झाला. चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडतो आणि सातव्या टप्प्याला, म्हणजे 49 व्या वर्षी, पाळी थांबते असे सांगतो. त्या विचारानुसार या वयात मूत्रपिंडाचे यिन (शीतल शक्ती) आणि यांग (उष्ण शक्ती) दोन्ही क्षीण होतात. म्हणून या काढ्यात यांगला बळ देणारी उष्ण मुळे आणि उष्णता शमवणारी झीमू व हुआंगबाई एकत्र येतात. मूळ काढ्यात सहा द्रव्ये असतात. पुडीत त्यांपैकी पाचच होती. नव्हते ते डांगग्वी नावाचे मूळ, म्हणजे नेमके तेच, ज्याने वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो.

सहकारिणीने सिनसेंना फोन लावला. त्यांचा स्वर शांत होता. आँटींनी वॉरफरिनचे कार्ड दाखवल्यामुळे डांगग्वी आपण मुद्दाम वगळले, असे त्यांनी सांगितले. इथे सिनसेंना कायद्याने नोंदणी करावी लागते आणि या माणसाने आपले काम चोख केले होते. चिनी औषधाचे नाव निघाले की दोष वैद्यावर ढकलण्याची आमच्याकडची सवय मला मुळीच मान्य नाही.

मग मी आँटींना गेल्या महिन्याभरात घरी काय काय शिजले ते विचारले. आठवड्यातून चार दिवस काळ्या कोंबडीचे सूप, नणंद करून देते, असे उत्तर आले. त्यात काय घालते? लाल खजूर (म्हणजे सुकवलेली चिनी बोरे), मूठभर गोजी बेरी आणि डांगग्वीचे मोठे काप. बाईच्या रक्तासाठी ते चांगले, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. डांगग्वी ओवा-बडीशेपेच्या कुळातले मूळ आहे. त्यात कौमारिन वर्गातली काही द्रव्ये आणि फेरुलिक आम्ल असते. वॉरफरिनवर असलेल्या एका 46 वर्षांच्या स्त्रीने डांगग्वी सुरू केल्यावर चार आठवड्यांत तिचा आयएनआर दुपटीहून अधिक वाढल्याची नोंद 1999 साली प्रसिद्ध झाली आहे. गोजी बेरीबद्दलही तशा नोंदी आहेत. म्हणजे सूपात दोन संशयित एकत्र आले होते.

डॉक्टरांनी तपासून वॉरफरिनची पुढची मात्रा थांबवली. झडप कृत्रिम असल्यामुळे वॉरफरिनचा परिणाम उलटवणारे के जीवनसत्त्व देण्याची घाई केली नाही. सूप बंद झाले आणि आयएनआर स्थिर होईपर्यंत काढाही थांबवायचे ठरले. सिनसेंनी त्याऐवजी ज्येष्ठमध, गहू आणि लाल खजूर यांचा जुना सौम्य काढा सुचवला. आँटी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध घेतात, त्याने पोटॅशियम कमी होते आणि ज्येष्ठमधाने रक्तातले पोटॅशियम आणखी घटू शकते, हे मी सांगताच त्यांनी ती सूचना लगेच मागे घेतली. दोन वैद्यकांत असा संवाद दहा मिनिटांत होऊ शकतो, तर तो रोज का होऊ नये, असे मला फार तीव्रतेने वाटले.

“मग ही औषधे खोटीच का?” आँटींनी विचारले. हा प्रश्न टाळणे मला योग्य वाटले नाही. कॅलिफोर्नियात 71 स्त्रियांना 24 आठवडे नुसते डांगग्वी देऊन पाहिले, तेव्हा ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. हा अभ्यास 1997 चा. डांगग्वी एकटे कधी देतच नाहीत, हा चिनी वैद्यांचा आक्षेपही रास्त आहे. 2016 मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने 22 चाचण्या आणि 2902 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा चिनी वनौषधी उपयोगी आहेत की नाहीत, हे ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. हे सगळे मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितले. तुमचा घाम आणि तुमची झोपमोड खरी आहे आणि तिच्यावर उपचार व्हायलाच हवेत, हेही सांगितले आणि त्याच दिवशी स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी करून घेतली.

पुढच्या भेटींत आयएनआर उतरत 2.9 वर आला. गुठळीचा धोका लक्षात घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांनी संप्रेरकांच्या गोळ्या टाळल्या आणि रात्रीसाठी गाबापेंटिन सुरू केले. त्यानंतर घाम बराच कमी झाला. नणंदबाई एकदा स्वतः येऊन भेटल्या. सूपात आता काय घालायचे याची यादी त्यांनी माझ्याकडून नीट लिहून घेतली.