तुम्ही विचारलंत म्हणून : मिस्त्री का बोलावला नाही

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात लोखंडी सांगाड्याची, २० बाय १० फुटांची पोर्टा केबिन आणून ठेवली त्याला आता चौथे वर्ष लागले आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा मला एकच प्रश्न विचारतो : एवढे पैसे घातले, मग घर लेव्हल करायला मिस्त्री का बोलावला नाही? माझ्या धाकट्या भावाच्या हाताकडे लक्ष गेले की हाच प्रश्न जरा खालच्या आवाजात पुन्हा विचारला जातो.

मिस्त्री आला होता. ज्यांच्याकडून केबिन घेतली त्यांचीच माणसे मे महिन्यात आली, काळ्या रानातल्या भेगांमध्ये हात जात होता अशा दिवसांत त्यांनी सहा ठिकाणी सिमेंटचे ब्लॉक थेट मातीवर रचले, त्यांवर सांगाडा टेकवला आणि दुपारच्या आत ती निघून गेली. त्या दिवशी घर खरोखरच सपाट होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. छताचे पाणी ज्या बाजूला पडत होते तो उत्तरेचा कोपरा ऑगस्टअखेर दीड इंच वर आला आणि दार चौकटीत अडकू लागले. फोन केला तेव्हा "एवढे चालते" असे उत्तर मिळाले.

आम्हाला ते चालत नव्हते, कारण त्या घरात माय झोपते. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, भूकंपात तिला माळवदाच्या मातीखालून ओढून काढले होते. तेव्हापासून ती जड छताखाली झोपत नाही आणि हे हलके घर आणले ते तिच्यासाठीच. सांगाड्याला पीळ बसला की तो रात्री करकरतो, आणि तो आवाज ऐकला की ती उजाडेपर्यंत बाहेर बाजेवर बसून राही. गणपती जवळ आले तसे तिचे जागरण वाढत गेले.

म्हणून मी भर भाद्रपदात जॅक लावला. दिवाळीपर्यंत थांब, रान वाळू दे, असे शेजारच्या काकांनी सांगितले होते. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन मी आणि भावाने सहाही टेकूंची उंची मोजली. नळीत एक बुडबुडा अडकला होता म्हणून पहिले माप चुकले, ते आम्ही पुन्हा घेतले. मोजण्यात मी एवढी काळजी घेतली, आणि उचलण्यात घेतली नाही. जॅक अर्धा इंच चढला की तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे शेजारी रचायचे, म्हणजे जॅक सुटला तरी वजन ठोकळ्यांवर थांबते, हे मला ठाऊक होते. पण पाऊस भरून आला होता आणि एकच कोपरा उरला होता. भाऊ ब्लॉकवरची लोखंडी पट्टी काढत असताना जॅकखालची फळी एका बाजूने ओल्या मातीत दबली, जॅक कलंडला आणि सांगाडा खाली आला. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरे गेली. लातूरला पोहोचेपर्यंत तो एकही शब्द बोलला नाही.

माती ओली होती, असे मी अनेक महिने लोकांना सांगत आलो. ते खरे आहे, पण अरुंद फळी मी निवडली होती आणि ठोकळे मी रचले नव्हते. त्या वेळच्या मला आज मी म्हणतो की दीड महिना थांबला असतास. तो म्हणतो, मायच्या त्या रात्री तू मोजल्या होत्यास का? मला त्याला उत्तर देता येत नाही, आणि भावाच्या हाताविषयी त्यालाही काही बोलता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक टेकूखालची काळी माती तीन फूट काढून सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसाने चोपला आणि छताच्या पाण्याला पन्हळ लावून ते लांब सोडले. दार आता अडकत नाही. तरीही मुरमाखाली माती काळीच आहे, त्यामुळे यंदाच्या श्रावणात उत्तरेचा कोपरा पुन्हा तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर दिसला. मिस्त्री एक दिवस येतो आणि माती बारा महिने हलते, म्हणून माप मीच घेतो. उचलण्यासाठी तरी जाणता माणूस बोलवायला हवा होता की काय, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही.

नळीचे दुसरे टोक आजही भाऊच धरतो. "दादा, आधी ठोकळे," असे तो दर वेळी म्हणतो, आणि ते रचून झालेले असले तरी मी त्याला नेऊन दाखवतो.