तुम्ही विचारलंत म्हणून: "नागपूरच्या ना, मग बोलून दाखवा की तसं"

पुण्या-मुंबईला कोणाकडे गेलं की चहा येईपर्यंत हा प्रश्न येतोच. "तुम्ही नागपूरच्या ना, मग ते टीव्हीवर बोलतात तसं वऱ्हाडी बोलून दाखवा ना!" मागच्या महिन्यात मुलीच्या पुण्याच्या घरमालकीण काकूंनी विचारलं, त्याआधी एका लग्नात जावेच्या भावाने, आणि विचारतानाच समोरचा माणूस हसायला तयार होऊन बसलेला असतो, मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसतं. तर आता एकदाचं नीट लिहूनच टाकते.

पहिलं म्हणजे वऱ्हाड वेगळं आणि नागपूर वेगळं. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम तिकडचं. तिकडे डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते. आमच्या नागपुरात हिंदी पण मिसळलेली, 'बे' प्रत्येक वाक्याला लागलेलं, आणि भंडारा-गडचिरोलीकडे गेलात तर झाडीबोली, तिचा सूर आणखीनच निराळा. 'मले-तुले', 'काहून' म्हणजे 'का', 'जाऊन राहिलो' हे मात्र बऱ्याच ठिकाणी सापडेल. टीव्हीवर हे सगळं एकाच पातेल्यात घालून ढवळतात आणि त्याला वऱ्हाडी म्हणतात.

टीव्हीवरचे विनोदी नट भारत गणेशपुरे मला मनापासून आवडतात, अमरावतीकडचा माणूस, बोली त्यांच्या अंगातली आहे आणि टायमिंग असं की आमच्या घरी जेवणं थांबायची. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार मालिका लिहिणाऱ्यांबद्दल आहे, की ही बोली विनोदाच्या खोलीतून बाहेरच येऊ देत नाहीत. मालिकेत विदर्भातलं पात्र आलं की तो एकतर नोकर, नाहीतर गावाकडून आलेला भोळा मामा, तो बोलला रे बोलला की मागे ते टुंग-टुंग म्युझिक वाजतं. डॉक्टर नाही, वकील नाही, प्रेमात पडलेली मुलगी तर नाहीच नाही. २०१६ साली सैराटमध्ये हिरो-हिरोईन करमाळ्याकडची भाषा बोलले, प्रेमसुद्धा त्याच भाषेत केलं, रडले पण त्याच भाषेत, आणि पूर्ण महाराष्ट्र त्यांच्यासारखं बोलायला लागला. तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि खरं सांगते थोडा हेवाही वाटला होता.

आता कोणी म्हणेल की मग तुम्हाला विनोद चालत नाही का. अहो विनोद आमच्या रक्तात आहे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात या, मारबत बघा, म्हणजे वाईट ते सगळं गावाबाहेर घालवायला मिरवत नेतात तो बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि त्यांच्यासोबत बडगे निघतात. बडगे म्हणजे मोठमोठे पुतळे, त्या वर्षी ज्याचा राग आला त्याचा बडग्या होतो, मग ती महागाई असो, घोटाळे असोत, रस्त्यावरचे खड्डे असोत की एखादा पुढारी असो. गळ्यात पाटी, पाटीवर असा काही मजकूर की वाचून पोट दुखेपर्यंत हसावं, आणि ते इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून ढोल वाजवत नेतात, पब्लिक ओरडत असते "घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी जाळून टाकतात. टीव्हीवरचे राजकीय कॉमेडी शो यायच्या शंभर वर्षं आधीपासून हे चालू आहे. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी पाट्या वाचायला शिकले. तिथे हसायचं कोणाला हे आम्ही ठरवतो.

आणि गाडगेबाबा घ्या. त्यांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग ऐकलंय का कधी? नसेल तर आज रात्री ऐका, सगळं सोडून ऐका. वऱ्हाडीत प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, परत विचारतात, लोक हसतात, आणि हसता हसता कर्जाबद्दल, दारूबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल असं काही काळजात घुसतं की बस. १९७७ साली त्यांच्यावर सिनेमा आला, डॉ. श्रीराम लागूंनी ते काम केलं होतं. तुकडोजी महाराजांची खंजिरी पण आमच्याच मातीतली. माझी आजी रोज पहाटे त्यांची भजनं म्हणायची, अक्षर ओळख नव्हती तिला, पण एक शब्द चुकायचा नाही.

पण ज्याच्यामुळे हे लिहायला बसले ते सांगते. दरवर्षी डिसेंबरात आमच्याकडे हिवाळी अधिवेशन असतं, १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं की वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे चॅनलच्या गाड्याच गाड्या, सगळे अँकर तर्री पोहे खाताना दिसतात, आणि तिकडे यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. पूर्ण महाराष्ट्रातून बाया-माणसं येतात, थंडीत, रात्री मंडपात झोपतात. एका वर्षी मी आणि माझी मैत्रीण तिथून जात होतो तर एक अंगणवाडी सेविका कॅमेऱ्यापुढे बोलत होती. म्हणाली, "काम वाढवूनच राहिले, अन् मानधनाचं विचारलं का म्हनते पाहू. कवापर्यंत पाहू बाप्पा?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मैत्रिणीने तिला बाटलीतलं पाणी दिलं. चार दिवसांनी तेच वाक्य माझ्या फॅमिली ग्रुपवर रील होऊन आलं, कोणीतरी तिचं "कवापर्यंत पाहू बाप्पा" कापून पाच वेळा रिपीट केलेलं आणि मागे तेच टुंग-टुंग म्युझिक. खाली हसण्याच्या स्मायल्यांची रांग, आणि त्या पाठवणारे सगळे शिकले सवरलेले लोक. मी खूप वेळ फोन हातात धरून बसले होते. ती बाई मानधन मागत होती हो, जोक सांगत नव्हती, पण इतकी वर्षं त्या सुरावर हसायची सवय लावलेली असल्यामुळे लोकांना तिचं दुःख ऐकूच आलं नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात बच्चू कडूंचा कर्जमाफीचा मोर्चा नागपूरला आला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वर्धा रोडवर बसले. राजकारण तुमचं काय असेल ते असो, त्यात मी पडत नाही. पण बातम्यांमध्ये सोयाबीनचा, कापसाचा हिशोब सांगणारी जी माणसं होती ना, त्यांचं म्हणणं तरी लोकांनी नीट ऐकावं असं मला सारखं वाटत होतं.

झुंड आला २०२२ मध्ये, तो मी भाच्याबरोबर थेटरात बघितला. हिंदी सिनेमा, पण नागराज मंजुळेंनी नागपूरचीच पोरं घेऊन अमिताभ बच्चनसमोर उभी केली, आणि ती पोरं गल्लीत बोलतात तशीच बोलली. सुरुवातीला आमच्या मागच्या रांगेतले लोक प्रत्येक 'बे'ला हसत होते. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण ती पोरं कोण आहेत हे कळायला लागलं. भाचा घरी येताना म्हणाला, "मावशी, ते आपल्यासारखेच बोलतात ना!" अकरा वर्षांचं पोरगं, त्याला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज मोठ्या पडद्यावरून ऐकू आला.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्या चॅनलवर लीळाचरित्राचं, मराठीतल्या त्या जुन्या गद्य ग्रंथाचं, नाव घेत होते. ते म्हाइंभटांनी रिद्धपूरला लिहिलं, आणि रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं आहे. मग आमच्या बोलीला अशुद्ध कोणत्या तोंडाने म्हणता?

तर काकू, मी बोलून दाखवत नाही ते रागाने नाही. घरी मी तशीच बोलते, भाजीवालीशी बोलते, नवऱ्याशी भांडते पण तशीच. लग्नाआधी आम्ही सीताबर्डीला भेटायचो. एकदा मला यायला दोन तास उशीर झाला, तेव्हा मोबाईल नव्हते, मला वाटलं गेला असेल. तो तिथेच उभा, उन्हात, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी. मी म्हटलं गेला काहून नाही, तर म्हणाला, "तू येतो म्हनली होती ना. मंग मी कायले जाऊ?"

हा डायलॉग कोणीतरी सिनेमात घ्या. आणि मागे ते म्युझिक टाकू नका.