तुम्ही विचारलंत म्हणून : एज्ड केअरला महिन्याला किती पडतात?

मेलबर्नमधल्या आपल्या कुठल्याही कार्यक्रमात कुणीतरी मला हळूच बाजूला घेतं आणि विचारतं, ‘तुमच्या सासूबाई एज्ड केअरला आहेत ना? महिन्याला किती पडतात हो?’ एज्ड केअर म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी निवासी संस्था. मी हिशेबाच्या कामातली, त्यामुळे माझ्याकडे एक आकडा तयार असेल अशी सगळ्यांची समजूत असते. आकडा असतो, पण तो सासूबाईंचा. तुमच्या आईबाबांचा वेगळा निघेल. तो कसा काढायचा, ते इथे सांगते.

आधी एक तारीख लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात एज्ड केअरचा नवा कायदा लागू झाला. त्याआधी जे कायमचे राहायला गेले, त्यांना जुनेच नियम लागू आहेत. म्हणून मैत्रिणीच्या वडिलांचं २०२३ सालचं बिल बघून तुमचा अंदाज बांधू नका. मी पुढे लिहितेय ते नव्याने दाखल होणाऱ्यांबद्दल.

बिल हातात आलं की पहिली ओळ दिसते बेसिक डेली फीची. ही प्रत्येकाला भरावी लागते. एकट्या माणसाच्या मूळ एज पेन्शनच्या (सरकारच्या वृद्धापकाळाच्या पेन्शनच्या) ८५ टक्के, असं तिचं गणित. २०२५ च्या अखेरीस ती दिवसाला ६५ डॉलर ५५ सेंट होती, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या जवळपास. मार्च आणि सप्टेंबरमध्ये पेन्शन वाढली की हीसुद्धा वाढते. जेवणखाण, कपडे धुणं, साफसफाई, वीज हे सगळं यात आलं. आपल्याकडे पुष्कळांचे आईवडील पेरेंट व्हिसावर उतारवयात आलेले असतात आणि इथे राहून दहा वर्षं पुरी न झाल्यामुळे त्यांना पेन्शन नसते. त्यांनाही फी हीच. अगदीच झेपत नसेल, तर हार्डशिपसाठी, म्हणजे पैशाच्या अडचणीसाठीच्या मदतीचा, अर्ज करता येतो. तो करायला लाजू नका.

यानंतरचा भाग ऐपतीप्रमाणे ठरतो. डॉक्टरी आणि नर्सिंगच्या काळजीचा खर्च नव्या कायद्यात सरकार उचलतं. ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडून दोन वाटे घेतले जातात. एक राहण्याजेवण्याच्या खर्चातला, दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलरच्या आसपास. दुसरा अंघोळ घालणं, चालायला-फिरायला मदत अशा बिगरवैद्यकीय काळजीचा, दिवसाला जास्तीत जास्त शंभर डॉलरच्या थोडा वर. या दुसऱ्या वाट्याला आयुष्यभराची मर्यादा आहे. चार वर्षं भरून झाली किंवा एकूण रक्कम (२०२५ च्या अखेरच्या हिशेबाने) सुमारे १ लाख ३५ हजार डॉलरपर्यंत गेली, यांतलं जे आधी होईल तिथे तो थांबतो. ज्यांची सगळी भिस्त पेन्शनवर आणि गाठीला फारसं काही नाही, त्यांना हे दोन्ही वाटे लागत नाहीत आणि खोलीचा खर्चही बराचसा किंवा सगळा सरकारच देतं.

आता ज्या आकड्याने सगळ्यांची झोप उडते, त्याकडे येते. खोलीची किंमत. पाच लाख, सहा लाख डॉलर असे आकडे छापलेले असतात आणि लोकांना वाटतं, आता घर विकल्याशिवाय गत्यंतर नाही. ही रक्कम म्हणजे रॅड, परत मिळणारी ठेव. माणूस गेला किंवा दुसरीकडे हलला की ती परत येते, आणि नियमाप्रमाणे चालणाऱ्या संस्थेतल्या ठेवीला सरकारची हमी असते. मात्र नव्या कायद्याप्रमाणे त्यातून संस्था वर्षाला २ टक्के कापून घेते, पाच वर्षांपर्यंत. पाच लाखांवर वर्षाला दहा हजारांच्या आसपास गेले असं धरा. हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. अजूनही ‘सगळे परत मिळतात’ असंच कानावर येतं.

ठेव द्यायची नसेल तर रोजचं भाडं द्यायचं, त्याला सगळे डॅप म्हणतात. ठेवीची रक्कम गुणिले सरकारी व्याजदर, भागिले ३६५. दर ८ टक्के धरला, तर पाच लाखांच्या खोलीला दिवसाला ११० डॉलरच्या आसपास, म्हणजे महिन्याला ३३०० च्या घरात. हे पैसे परत येत नाहीत, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी हा आकडा वर्षातून दोनदा महागाईप्रमाणे वाढतो. अर्धी ठेव आणि अर्धं भाडं असंही चालतं. यांतलं काय निवडायचं ते दाखल झाल्यावर २८ दिवसांत सांगायचं असतं. आम्हाला एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) पहिल्याच भेटीत ‘रॅडच सोयीचं पडतं’ असं सांगून फॉर्मवरच्या रॅडच्या चौकोनात बरोबरची खूण स्वतःच करून दिली होती. मी कागद घेतला, खूण खोडली आणि घरी आणला. तुम्हीही आणा. २८ दिवस तुमच्या हक्काचे आहेत. शिवाय छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. कमी होईल का, असं विचारायला काहीच हरकत नाही.

घर विकायची घाई करू नका, असं मी पुन्हा पुन्हा सांगते, त्याला कारण आहे. ऐपत मोजताना इथलं राहतं घर पूर्ण किमतीला धरत नाहीत. ते ९ लाखांचं असलं तरी २०२५ च्या अखेरीस मोजत होते सुमारे २ लाख १० हजारच. नवरा किंवा बायको त्याच घरात राहत असेल तर ते मोजतच नाहीत. तेच घर विकलं की हातात आलेली सगळी रोकड मोजणीत येते. ती ठेवीत घातली, तर पेन्शनच्या हिशेबातून सुटते, पण एज्ड केअरच्या फीच्या हिशेबात ती धरलीच जाते. दोन हिशेब, दोन नियम. पेन्शनपुरतं बोलायचं तर एज्ड केअरला गेल्यावरही साधारण दोन वर्षं ते घर राहतं घर म्हणूनच धरलं जातं. एवढा वेळ हातात असताना पंधरा दिवसांत एजंटला बोलवायचं काय कारण?

आता पुण्याच्या फ्लॅटचं. हा विषय निघाला की आवाज आणखी खाली येतो. ‘तिकडचं त्यांना कुठे कळतंय?’ परदेशातली मालमत्ता ऐपत मोजायच्या फॉर्ममध्ये लिहावीच लागते. फ्लॅट, एफडी, तिकडची पेन्शन, लॉकरमधलं सोनं, सगळं. सोनं सुद्धा विकलं तर आज काय येईल त्या भावाने. आणि जी सवलत इथल्या राहत्या घराला आहे, ती कोथरूडच्या फ्लॅटला नाही. तो पूर्ण बाजारभावाने धरतात. १ कोटी २० लाखांचा फ्लॅट, डॉलरमागे ६० रुपये धरले, तर २ लाख डॉलरचा झाला. म्हणजे मेलबर्नमधलं नऊ लाखांचं घर आणि कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट या हिशेबात जवळजवळ सारखेच. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम असा आहे आणि तो ठाऊक असलेला बरा. पुतण्याच्या नावे बक्षीसपत्र करून टाकू, हा सल्ला देणारेही असतात. वर्षाला १० हजार आणि पाच वर्षांत मिळून ३० हजार डॉलर, यापलीकडे दिलेली भेट पाच वर्षं तुमच्याच नावावर धरतात. फ्लॅटही गेला आणि फीही वाढलेलीच. आणि फॉर्म भरलाच नाही, तर पूर्ण ऐपत आहे असं धरून सगळ्यात वरची फी लावतात. काही पेन्शनरांना, विशेषतः ज्यांचं स्वतःचं घर नाही त्यांना, तो भरावा लागत नाही. तेवढं सेंटरलिंकला (पेन्शन आणि भत्ते बघणारं सरकारी कार्यालय) विचारून घ्या.

शेवटी हौसेच्या सोयी. हायर एव्हरीडे लिव्हिंग फी या नावाने जेवणाबरोबर वाइन, जास्तीचे टीव्ही चॅनल, मोठा मेनू असं काय काय देऊ करतात. हा करार दाखल झाल्यानंतरच करता येतो, आधी नाही, आणि सही केल्यावर २८ दिवसांत रद्द करता येतो. सासूबाईंपुढे असं पॅकेज आलं तेव्हा त्यात त्यांच्या कामाचं होतं फक्त वर्तमानपत्र, तेही इंग्रजी. सासूबाईंनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, ‘मला आमटीत गूळ घालून मिळेल का ते विचार.’ मी विचारलं. स्वयंपाकघरातल्या बाईंनी गूळ म्हणजे काय ते बघून घेतलं आणि आता आठवड्यातून दोनदा मिळतो. त्याचे पैसे नाहीत. धर्म, संस्कृती किंवा तब्येतीमुळे लागणारं वेगळं जेवण रोजच्या फीतच धरलेलं असतं, तेव्हा शाकाहारी ताटासाठी कुणी जादा मागितले तर द्यायचे नाहीत.

तुम्ही आत्ता अंदाज घेत असाल तर हा क्रम ठेवा : माय एज्ड केअर या सरकारी सेवेकडून गरजेची तपासणी, मग सेंटरलिंककडे ऐपतीचा फॉर्म, मग खोल्या बघणं. फॉर्मचं उत्तर आलं की आकडे अंदाजाचे राहत नाहीत. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याची फायनान्शियल इन्फर्मेशन सर्व्हिस, म्हणजे पैशांबद्दल माहिती देणारी सेवा, मोफत आहे. घर, फ्लॅट, सोनं यातलं काहीही विकायच्या आधी त्यांची वेळ घ्या, आणि जाताना आईबाबांना बरोबर न्या. पैसे त्यांचे आहेत आणि प्रश्न विचारायची त्यांनाही इच्छा असते.