‘टेस्टेड’ या एका शब्दापायी महिनाभर अडकलेला टर्बो

आधीच सांगतो. टर्बो (इंजिनात हवा कोंबणारं यंत्र) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) दोन्ही गाडीत बसवायला अडीच दिवस लागले. तो टर्बो मुंबईहून माझ्या दारात यायला तीस दिवस लागले. त्यामुळे खाली गाडीपेक्षा पार्सलचं पुराण जास्त वाटलं तर समजून घ्या, माझा राग अजून उतरलेला नाही.

गाडी २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, दोन लिटर टीएसआय, म्हणजे टर्बोवालं पेट्रोल इंजिन. कंपनीचा आकडा २३० पीएस ताकद आणि ३५० न्यूटन मीटर ओढ. सेकंडहँड घेतली, पुण्याहून आणली, थंडीत अशी पळायची की विचारू नका. मग आमचा मे आला. भुसावळ रोडला दुपारी चार वाजता ट्रकच्या रांगेत अर्धा तास रखडलो होतो. मोबाईलवर ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं ॲप चालू होतं. बाहेर ४४ अंश, इंजिनात जाणारी हवा ७१. रांग सुटली, पाय दाबला, तर गाडी उन्हात बसलेल्या म्हशीसारखी. उठते, पण सावकाश.

कारण साधं आहे. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटकतं, तेच. तापलेली हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी. वर पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोका देईल या भीतीने संगणक स्पार्क उशिरा टाकतो, म्हणजे ताकद दोन्हीकडून जाते. इंटरकूलरचं काम या हवेला निववायचं. तीच हवा, त्याच दाबाला, ७० ऐवजी ५० अंशाने आत गेली तर साधारण सहा टक्के जास्त घट्ट जाते. व्हीआरएसचा मूळ इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरच्या मागे चेपून बसवलेला आहे. यावल-रावेरच्या मे महिन्यात एसी बंद कोण करणार? कंडेन्सरची गरम झळ थेट त्याच्यावर.

म्हणून खान्देशातल्या माणसाने विचारलं की ‘आधी काय करू’, तर माझं उत्तर एकच: इंटरकूलर. टर्बो मागाहून. मी मात्र दोन्ही एकदम मागवले, कारण आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची पाव मैलाची ड्रॅग शर्यत डोक्यात बसली होती आणि डोक्यात बसलेलं निघत नाही.

माझ्या गाडीत मूळ टर्बो आयएस-२० जातीचा. त्याचा थोरला भाऊ आयएस-३८ गोल्फ आर आणि ऑडी एस३ मध्ये येतो. या इंजिनात एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्यांची जुडी) वेगळा नाही, सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला आहे. टर्बो सरळ हेडला बोल्ट होतो. त्यामुळे थोरला भाऊ फारशी कापाकापी न करता धाकट्याच्या जागी बसतो. गिअरबॉक्स सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा, तोही पुरतो. १.८ टीएसआयवाल्यांनी मात्र ही उडी मारू नये. त्यांचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरपुरताच बनवलेला आहे. इंजिन वाढेल, क्लच जळेल.

इंटरकूलर पुण्यातून घेतला. ट्रान्सपोर्टने तिसऱ्या दिवशी जळगावच्या गोडाऊनला हजर. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

टर्बो जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडून. आणि इथे माझा शहाणपणा नडला. आयएस-३८ चे सुरुवातीचे नग शाफ्ट (आतला फिरणारा दांडा) तुटण्याबद्दल बदनाम आहेत. म्हणून मी विक्रेत्याला दोन मेल टाकून बजावलं की नग बॅलन्सिंगच्या मशीनवर तपासून पाठव, आणि बिलावर तसं लिही. तो प्रामाणिक माणूस. त्याने लिहिलं: ‘टर्बो आयएस-३८, टेस्टेड’.

बस्स, एवढंच लिहिलं. ‘नवीन’ हा शब्द नाही, पार्ट नंबर नाही.

७ ऑगस्ट २०२४ ला पार्सल मुंबईत उतरलं. ट्रॅकिंगवर ‘क्लिअरन्समध्ये विलंब’. कुरिअर कंपनीचा मेल आला की केवायसी द्या. आधार दिलं, पॅन दिलं. दुसऱ्या दिवशी परत: केवायसी जुळत नाही. आधारवर माझं नाव आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पॅनवर माझं नाव आधी. बिलावर वडिलांचं नावच नाही. मला वाटलं हीच भानगड असेल, म्हणून हमीपत्र लिहून पाठवलं की ही तिन्ही नावं एकाच देहाची आहेत.

ती भानगड नव्हती. माझं आडनाव पाटील. आमच्या तालुक्यात पाटील म्हणून हाक मारा, अर्धा बाजार वळून बघतो. माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा, माझ्याच पिनकोडचा आणखी एक पाटील त्या कुरिअरच्या संगणकात आधीपासून बसलेला होता आणि माझं पार्सल त्याच्या केवायसीला चिकटलं होतं. हे मला कुरिअरवाल्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या फोनवर मुलगी एवढंच म्हणायची, “सर, सिस्टिममध्ये तुमचा मोबाईल नंबर वेगळा दिसतोय.” “मग तो कुणाचा?” “ते सांगता येणार नाही, सर.”

शेवटी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात एका अनोळखी नंबरवरून फोन. “भाऊ, दोन दिवसापासून मले मुंबईचे ओटीपी येऊन राहिले. तुमचंच आहे का ते?” हा गृहस्थ केळीवाला, फवारणीच्या ड्रोनचा सुटा भाग त्याने आदल्या वर्षी बाहेरून मागवला होता. भला माणूस. कॉन्फरन्सवर आला, कुरिअरवाल्या मुलीला त्याने स्वतः सांगितलं की मी तो नव्हे. तिने तक्रार क्रमांक दिला. कानबाईच्या (आमचा श्रावणातला देवीचा सण) रविवारी, घरात रोट चालू असताना, मी गच्चीवर उभा राहून स्वतःच्या नावाचा माणूस मी नाही हे तिसऱ्यांदा समजावत होतो.

१२ तारखेला केवायसी सुटलं. मी पेढे आणायचा बाकी होतो. १४ ला नवा मेल: माल नवा आहे की वापरलेला?

इथे मी कस्टम्सला दोष देणार नाही. जुना, वापरलेला माल परदेशातून आणायला वेगळी परवानगी लागते, आणि ‘टेस्टेड’ हा शब्द जुन्या बाजारात उघडून जोडलेल्या नगाला लावतात हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्यांनी विचारलं ते बरोबरच. पण कुरिअरवाल्यांनी पहिल्याच दिवशी बिल वाचलं असतं तर हा प्रश्न ७ तारखेलाच आला असता. त्यांनी तर मालाचं वर्णन ‘गाडीचे सुटे भाग’ असं ठोकून दिलं होतं. टर्बोचार्जर जकातीच्या तक्त्यात ८७ व्या प्रकरणात, गाड्यांच्या भागांत, बसत नाही. ८४ व्या प्रकरणात पंप-कॉम्प्रेसरच्या ओळीत त्याचं स्वतंत्र नाव आहे. हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं. त्यावर उत्तर आलं, ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.’

आता विक्रेत्याचं पत्र हवं होतं: लेटरहेडवर, सहीनिशी, माल नवा आणि न वापरलेला, पार्ट नंबर अमुक. १४ ऑगस्टच्या रात्री मेल केला. सेकंदात उत्तर आलं. स्वयंचलित. दुकान सुट्टीसाठी बंद, २६ ऑगस्टला उघडेल.

बारा दिवस. इकडे गोदामाचं भाडं दिवसागणिक चढतंय. रोज सकाळी चहाआधी ट्रॅकिंग उघडायचो, तीच ओळ. आप्पा ओसरीवरून बघायचे. एका सकाळी म्हणाले, “अरे, आपला केळीचा ट्रक तीन दिवसात दिल्लीत उतरतो. आन तुझं ते यंत्र मुंबईहून चारशे किलोमीटर येईना? केळी असती तर आतापावेतो काळी पडली असती.” काय बोलणार?

२६ ला विक्रेता उगवला, २७ ला पत्र आलं. कुरिअरने परत पाठवलं, शिक्का नाही म्हणून. त्याला लिहिलं, शिक्का मार. त्याचं उत्तर: माझ्याकडे शिक्का नाही, आजवर कुणी मागितला नाही. मग मी टर्बोच्या थंड बाजूच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूच्या, कवचावरची पत्र्याची पट्टी, तिच्यावरचा कोरलेला नंबर, आणि त्याने पॅक करताना काढलेला फोटो, हे सगळं पत्रासोबत एकाच पीडीएफमध्ये घालायला लावलं. पत्रातला नंबर आणि पट्टीवरचा नंबर एकाच पानावर दिसल्यावर शिक्क्याचं नाव कुणी काढलं नाही. बैलपोळा २ सप्टेंबरला. ३ ला ड्यूटीचं चलन आलं, त्याच तासाला भरलं. गोदामभाडं ६,४०० रुपये, तेही भरलं. हरतालिकेच्या संध्याकाळी खोकं दारात.

तेव्हा मागवणाऱ्यांनो, विक्रेत्याकडून बिलावर ‘नवीन, न वापरलेला टर्बोचार्जर’ आणि पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या. तपासणीचा कागद वेगळा मागा, बिलात घुसवू नका. नाव आधारवर जसं आहे तसंच, वडिलांसकट. आणि ऑगस्टमध्ये युरोपातून काही मागवूच नका.

खोकं उघडल्यावर पहिलं काम: शाफ्टचं टोक चिमटीत धरून हलवून बघितलं. आडवा अगदी पुसटसा खेळ असतो, तेल आल्यावर तो भरून निघतो. पुढे-मागे मात्र जाणवेल इतका हलायला नको. पाती कवचाला कुठेही घासत नव्हती. चक्राला बोटाने टिचकी मारली तर आवाज न करता फिरत राहिलं. तीस दिवसांत पहिल्यांदा हसलो.

बसवण्याचं काम जळगाव एमआयडीसीतल्या एका गॅरेजात. नवे गॅस्केट, नवे नट, तेलाची नवी नळी. जुनी नळी आतून काजळलेली असेल तर हजारोंचा टर्बो दोन दिवसात जातो. इंटरकूलरचा एक ब्रॅकेट जुळत नव्हता, शेजारच्या आर्गन वेल्डिंगवाल्याने दहा मिनिटांत कान तोडून दुसरीकडे चिकटवला आणि शंभर रुपये घेतले. पहिल्यांदा चालू करण्याआधी गाडीतल्या पेट्रोलच्या मोटरचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर फिरवला, म्हणजे तेल आधी टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. हे विसरू नका. माझा मेकॅनिक विसरला होता, मीच ओरडलो.

हो, एक राहिलंच, हे वर लिहायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. विमा तर अशा वेळी हात वर करायला टपलेलाच असतो. माझी गाडी आता टोइंगच्या ट्रकवर चढून जाते आणि उतरून धावते. भाजी आणायला जुनी वॅगन आर आहे. मूळ टर्बो आणि इंटरकूलर तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. विकू नका, परत बसवायची वेळ येते.

पुण्याला डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या मशीनवर नेली. आधी कंपनीच्या सामानावर चाकांवर २०४ हॉर्सपॉवर मोजून घेतले होते. आता पहिल्याच फेरीत २५८ वर अडली, वरच्या आरपीएमला बारीक फुस्स आवाज. ट्यूनर फाइलमध्ये (इंजिनाच्या संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये) खुडबूड करायला निघाला होता, मी म्हटलं आधी धूर सोड. धुराच्या मशीनने दोन मिनिटांत दाखवलं: इंटरकूलरच्या खालच्या पाइपची ओ-रिंग (रबराचं कडं) पिळवटून बसली होती, तिथून धुराची पांढरी दोरी निघत होती. रिंग बदलली. स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचे घालून गॅप ०.६ मिलिमीटर ठेवला होता, तो तसाच. ९५ ऑक्टेन पेट्रोलवर, जपून केलेल्या फाइलवर २९१. गिअरबॉक्सचीही फाइल बदलावी लागते, नाहीतर तो जुन्याच आकड्यावर इंजिनाचा गळा धरतो. ट्यूनर म्हणाला अजून दहा निघतील. मी नको म्हणालो. पुण्यात सप्टेंबरमध्ये २८ अंशाला निघालेले दहा आमच्याकडे मे महिन्यात पिस्टन मागतील.

आप्पांना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, “ट्रॅक्टरपेक्षा जास्त?”

कुरिअर कंपनीने पार्सल पोचल्यावर पाच ताऱ्यांचा अभिप्राय मागितला होता. तोही दुसऱ्या पाटलाच्या मोबाईलवर गेला. त्याने बिचाऱ्याने पाच दिले. आणि केवायसी ‘दुरुस्त’ झाल्यापासून उलटी गंमत चालू आहे. परवा रात्री साडेनऊला त्याच्या ड्रोनच्या पात्यांचा ओटीपी माझ्याकडे आला. मी फोन केला तर म्हणाला, “सांगा भाऊ, लिहून घेतो.”